सत्तर हजार पौंडांत स्कॉटलंडमध्ये चित्रपट : ठिकाणे कमी करा, दिवस नव्हे

ग्लासगोत चित्रपटाचे शिक्षण पूर्ण करून तिथेच राहिलेल्या एका मराठी दिग्दर्शिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्यांची आणि मित्रांची मदत धरून ७० हजार पौंड जमले आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटावर राहणारी विधवा आई, शहरातून परतलेला तिचा मुलगा आणि फेरीबोटीवर काम करणारा त्याचा जुना मित्र, अशी तीन माणसांची पटकथा तयार आहे. जूनमध्ये, १४ दिवसांत, २२ ठिकाणी चित्रीकरण करायचे ठरते आहे. युनिटमधले बहुतेक जण पैसे न घेता काम करायला तयार आहेत. आणि चित्रीकरणानंतरच्या कामाचा खर्च ब्रिटिश सरकारच्या कर-सवलतीतून भागेल असा हिशेब आहे. हे जमेल का?

चित्रपट जमेल, पण या आराखड्याने जमणार नाही. मी मुंबईत मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून सुरुवात केली आणि गेली अठरा वर्षे ग्लासगोत फर्स्ट असिस्टंट डायरेक्टर आणि लाइन प्रोड्यूसर म्हणून काम करतो आहे. दिवसाचे वेळापत्रक लावणे आणि पैशाचा हिशेब ठेवणे ही दोन्ही कामे माझ्याकडे असल्यामुळे तुमच्या प्रश्नातला माझ्या नजरेत सर्वांत आधी भरलेला आकडा ७० हजारांचा नव्हता, २२ ठिकाणांचा होता. कमी पैशाच्या चित्रपटात पैसा खाते ती युनिटची हलवाहलव, आणि ती नेमकी कुणाच्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहिलेली नसते.

पंधरा माणसांचे छोटे युनिट धरा. एका ठिकाणचे काम संपले की सामान बांधायला आणि गाड्यांत भरायला पाऊण-एक तास जातो. अरुंद, एकेरी रस्त्याने, समोरून येणाऱ्या गाडीसाठी ठेवलेल्या जागांवर थांबत थांबत वीस मैल जायला तास लागतो. नव्या जागी सामान उतरवून, प्रकाशयोजना करून, ध्वनिमुद्रकाला खोलीचा अंदाज येईपर्यंत आणखी दीड तास. म्हणजे दिवसात एकदा जागा बदलली तरी साडेतीन तास गेले, आणि त्या वेळात पंधरा जणांचा पगार चालूच असतो. चौदा दिवसांत बावीस ठिकाणे म्हणजे जवळजवळ रोज अर्धा दिवस गाडीत. मग उरलेल्या अर्ध्या दिवसात दिग्दर्शिका एकेका दृश्याला दोनच टेक देते, नटांना सूर सापडण्याआधी क्लॅप वाजतो, आणि संकलनाच्या टेबलावर बसल्यावर कळते की गोष्टीतली प्रत्येक जागा दिसते आहे पण माणसे दिसत नाहीत. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की बावीस ठिकाणांची सात करा आणि चौदा दिवसांचे अठरा.

हे स्कॉटिश चित्रपटाच्या इतिहासाने सिद्ध केलेले आहे. बिल फोर्साइथ यांनी १९७९ मध्ये 'दॅट सिंकिंग फीलिंग' हा पहिला कथापट केवळ काही हजार पौंडांत केला तो ग्लासगो यूथ थिएटरची मुले आणि त्या मुलांचेच शहर घेऊन. पैसा नव्हता, पण तालमींना वेळ होता, आणि संवाद पाठ झालेले नट असले की टेक कमी लागतात. पुढे १९९४ मध्ये 'शॅलो ग्रेव्ह' सुमारे १० लाख पौंडांत झाला. त्याची गोष्ट एडिनबरातल्या एका फ्लॅटमध्ये घडते, पण तो फ्लॅट म्हणजे ग्लासगोतल्या एका गोदामात उभारलेला सेट होता, आणि चित्रपटाचा बहुतांश भाग त्या भिंतींच्या आतच चित्रित झाला. ग्लासगो फिल्म फंडाने दिलेल्या दीड लाख पौंडांमुळे निर्मिती त्या शहरात आली होती. दहा लाख तुमच्याकडे नाहीत, सेट उभारण्याइतकेही नाहीत. पण जे तत्त्व तिथे लागू पडले तेच तुम्हाला लागू आहे. एक जागा ताब्यात घ्या आणि तिथून हलू नका.

याची दुसरी बाजूही सांगतो. 'लोकल हीरो' या १९८३ च्या चित्रपटातले गाव ईशान्य किनाऱ्यावरच्या पेननमध्ये चित्रित झाले आणि त्याच गावाची म्हणून दाखवलेली वाळू पश्चिम किनाऱ्यावर मोरारजवळच्या कॅमसडॅरखची आहे. मध्ये अख्खा देश आडवा पसरलेला. ज्याच्यामागे मोठा निर्माता उभा असतो त्याला एका गावासाठी दोन किनारे परवडतात. तुम्हाला उलटी युक्ती वापरायची आहे, एका जागेतून चार जागा काढण्याची. तुमच्या पटकथेत आईचे घर, मित्राचे घर, डॉक्टरांचा दवाखाना, मुलाची ग्लासगोतली खोली आणि बँकेची कचेरी आहे. यांपैकी चार जागा ग्लासगोतल्या एकाच मोठ्या जुन्या फ्लॅटमध्ये होऊ शकतात. बेटावरचे घर बाहेरून बेटावर दाखवा आणि दार उघडून आई आत आली की पुढचा शॉट ग्लासगोत घ्या. दाराचा रंग, कडी आणि दाराबाहेरून येणारा उजेड जुळला की प्रेक्षक शंका घेत नाही.

त्या फ्लॅटबद्दल थोडे जवळून सांगायला हवे, कारण तिथेच तुमचे बारा दिवस जाणार आहेत. ग्लासगोच्या टेनेमेंट इमारतींत सामायिक जिन्याला 'क्लोज' म्हणतात. छत उंच, खिडक्या मोठ्या, लाकडी जमीन. कॅमेऱ्याला सुंदर, ध्वनीला कठीण. वर राहणाऱ्यांच्या पावलांचा आवाज थेट खाली येतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका : लिफ्ट नसते, सामान रोज पाठीवरून चढवावे लागते, आणि मुख्य म्हणजे खिडकीबाहेर दिवा उभा करता येत नाही. पहिला मजला किंवा तळमजला पाहा. चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी जिन्यातल्या प्रत्येक घराच्या पत्रपेटीत एक पत्र टाका, त्यात तारखा, वेळा आणि तुमचा फोन नंबर द्या, आणि नंतर स्वतः जाऊन प्रत्येक दार वाजवा. माझ्या अनुभवात पत्राने परवानगी मिळते, पण शांतता मात्र दार वाजवल्यानेच मिळते. स्वयंपाकघरातला फ्रिज टेकच्या वेळी बंद करावा लागतो, आणि तो बंद केला की युनिटच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवायची ही इथल्या ध्वनिमुद्रकांची जुनी सवय आहे. रात्री गाडीची किल्ली काढायला गेल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायला कुणी विसरत नाही आणि घरमालकिणीचे अन्न खराब होत नाही. अशा सवयी जपणारा माणूस युनिटमध्ये असला की जागा पुन्हा मिळते.

आता जूनबद्दल. भारतातून आलेल्या प्रत्येक निर्मात्याला जूनचा मोह पडतो. ग्लासगोत जूनच्या अखेरीस सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे साडेसतरा तास उजेड. डिसेंबरात पावणेनऊला उजाडते आणि पावणेचारला सूर्य जातो, म्हणजे जेमतेम सात तास. कागदावर जून अडीचपट किफायतशीर दिसतो. पण तुमच्या पटकथेत रात्रीची दृश्ये आहेत, आणि जूनमध्ये त्या बेटांवर पुरता काळोख होतच नाही. जो होतो तो मध्यरात्रीच्या आसपास दोन-तीन तास. त्यासाठी युनिटला रात्रभर जागे ठेवायचे आणि दुसरा दिवस विश्रांतीत घालवायचा. शिवाय जून ते ऑगस्ट पर्यटकांचे दिवस. बेटावरच्या खोल्या आणि फेरीवरच्या गाड्यांच्या जागा कित्येक महिने आधी भरलेल्या असतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मिज. चिलटांहून बारीक अशा या चावऱ्या किड्यांचे थवे साधारण मे ते सप्टेंबर या काळात, वारा पडला आणि उजेड मऊ झाला की उठतात. म्हणजे छायालेखकाला हवा असतो नेमक्या त्याच वेळी. आम्ही एकदा ऑगस्टच्या संध्याकाळी तळ्याकाठी एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा निरोपाचा क्लोजअप घेत होतो. तिने पापणीही हलवली नाही. टेक संपल्यावर पाहिले तर केसांच्या रेषेपासून कानापर्यंत लाल ठिपक्यांची ओळ उठली होती, आणि पुढचे दोन दिवस तिचे जवळचे शॉट घेता आले नाहीत. त्या दृश्याचा एकच टेक आहे आणि तोच चित्रपटात आहे, पण मी ती वेळ ठरवायला नको होती.

माझी शिफारस मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची आहे. दिवस सुमारे बारा-तेरा तासांचा, रात्र संध्याकाळीच मिळते, मिज नाहीत, खोल्यांचे दर उतरलेले. अनेक जण ऑक्टोबर सुचवतात, आणि रंगांसाठी तो चांगलाही आहे, पण त्यात एक तोटा दडलेला असतो. या अक्षांशावर वसंतसंपाताच्या आणि शरदसंपाताच्या आसपास दिवसाची लांबी रोज चार-पाच मिनिटांनी बदलते. ऑक्टोबरात वेळापत्रक मागे पडले तर राहिलेली दृश्ये आखडत्या उजेडात सरकतात. मार्चमध्ये मागे पडलात तर वाढत्या उजेडात. अठरा दिवसांत हा फरक सव्वा तासाच्या पुढे जातो. वादळाचा धोका मार्चलाही आहेच, म्हणून बेटावरचे सहा दिवस आधी ठेवा आणि फ्लॅटमधले बारा दिवस नंतर; आणि त्या सहांपैकी प्रत्येक दिवशी, पाऊस आडवा आला तर छपराखाली घेता येईल असे एक दृश्य हाताशी ठेवा. बेटावरून परतायची तारीख आणि ग्लासगोतली पहिली तारीख यांच्यामध्ये दोन मोकळे दिवस हवेत. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली की त्यावर उपाय नसतो. एका चित्रपटाच्या वेळी आम्ही धक्क्यावर गाड्या रांगेत लावून दीड दिवस बसलो होतो, आणि ग्लासगोत भाड्याने घेतलेली जागा आमची वाट पाहत रिकामी होती.

समुद्रकिनाऱ्यावरच्या तुमच्या लांब संवादासाठी भरती-ओहोटीचे कोष्टक पटकथेइतकेच जवळ ठेवा. 'बारा' नावाच्या बेटावर प्रवासी विमानेसुद्धा ओहोटीच्या वेळा पाहून वाळूवर उतरतात. तीन तास चालणाऱ्या दृश्यात सुरुवातीला पन्नास पावलांवर असलेले पाणी शेवटी नटाच्या बुटांना लागते, आणि मग संकलनात एकाच वाक्यात समुद्र जवळ येतो नि दूर जातो. वाइड शॉट आधी उरकून, पाण्याकडे पाठ असलेले क्लोजअप शेवटी घेणे हा त्यावरचा साधा मार्ग आहे.

बिनपगारी युनिटविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण इथे चूक झाली तर ती माणसांवर अन्याय करणारी असते आणि कायद्यातही बसत नाही. ब्रिटनमध्ये ज्या माणसाला तुम्ही हजर राहण्याची वेळ सांगता, काम नेमून देता आणि ज्याच्या कामातून तुमची कंपनी चित्रपट विकणार असते, तो बहुतेक वेळा कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरतो. आणि कामगाराने स्वतः लिहून दिले तरी किमान वेतनाचा हक्क सोडता येत नाही. 'चित्रपट विकला गेला की देऊ' हा करारही किमान वेतनाची जागा घेऊ शकत नाही. २१ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीसाठी हा दर एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात तासाला १२.२१ पौंड होता, आणि तो दर एप्रिलला बदलतो, म्हणून तुमच्या चित्रीकरणाच्या दिवसांचा दर धरा.

२०२५-२६ च्या दराने हिशेब करून पाहू. दहा जणांचे तांत्रिक युनिट आणि तीन नट, अठरा दिवस, दिवसाचे दहा तास : २,३४० तास. १२.२१ ने गुणले की २८,५७१ पौंड होतात. त्यावर सुट्टीच्या पगाराचे १२.०७ टक्के धरले की रक्कम सुमारे ३२,०२० होते. नॅशनल इन्शुरन्समधला मालकाचा वाटा छोट्या कंपनीला एम्प्लॉयमेंट अलाउन्समुळे बहुधा माफ होतो, पण ते अकाउंटंटकडून तपासून घ्या. तुम्ही आणि तुमची निर्माती धरून पंधरा जणांच्या खाण्याला माणशी रोज १५ पौंड ठेवले तर ४,०५० पौंड. म्हणजे ७० हजारांतले सुमारे ३६ हजार माणसांवर गेले आणि ३४ हजारांच्या आत कॅमेरा, गाड्या, बेटावरचा मुक्काम, विमा, संकलन, ध्वनी आणि रंगसंस्करण बसवायचे. हे बसते, आणि ठिकाणे सात असतील तरच बसते. तुम्ही स्वतः कंपनीच्या संचालक असल्यामुळे स्वतःचे मानधन मागे ठेवू शकता. इतरांचे ठेवू नका. जेवणावरचे पैसे तर मुळीच कापू नका. मार्चमधल्या बेटावरच्या पावसात दुपारी एक वाजता गरम सूप आणि भात मिळाला तर सहाव्या तासानंतरही माणसे धावतात, थंड सँडविचवर धावत नाहीत. मुंबईत आम्ही युनिटच्या जेवणाला जेवढा मान देतो तेवढाच इथेही द्यावा, असे मी प्रत्येक निर्मात्याला सांगतो.

माणसे शोधण्यासाठी 'फिल्म बँग' ही स्कॉटलंडमधल्या चित्रपट-कामगारांची जुनी सूची आहे, तिथून सुरुवात करा. ज्येष्ठ तंत्रज्ञ किमान वेतनावर मिळणार नाहीत. पण मोठ्या मालिकांवर दुसऱ्या क्रमांकाचे काम करणारे, विभागप्रमुख म्हणून पहिली संधी शोधणारे लोक मिळतात आणि ते मनापासून काम करतात. अजून विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या मित्रांना मात्र फ्रीलान्सर म्हणून घेऊ नका, कारण त्या व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि नोकरीलाही सत्रकाळात तासांची मर्यादा आहे. तुमच्या ग्रॅज्युएट व्हिसावर कंपनी काढता येते, पण त्याची मुदत आणि चित्रपट पूर्ण व्हायला लागणारा काळ एकमेकांशेजारी मांडून पाहा.

कर-सवलतीच्या बाबतीत तुमचा आधार बरोबर आहे, फक्त वेळ चुकली आहे. १ एप्रिल २०२४ पासून किंवा त्यानंतर मुख्य चित्रीकरण सुरू झालेल्या आणि मूळ खर्च (पूर्वतयारी, चित्रीकरण आणि त्यानंतरचे काम) २ कोटी ३५ लाख पौंडांपर्यंत असलेल्या स्वतंत्र चित्रपटांसाठी ५३ टक्क्यांचे वाढीव क्रेडिट मिळते. चित्रपट सिनेमागृहात दाखवण्याच्या उद्देशाने केलेला असावा लागतो, आणि मुख्य लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश नागरिक वा तिथला रहिवासी असावा लागतो, नाहीतर चित्रपट अधिकृत सहनिर्मिती असावा लागतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सांस्कृतिक चाचणीत ३५ पैकी १८ गुण हवेत. गोष्ट, पात्रे, भाषा, चित्रीकरणाची जागा आणि काम करणारी माणसे यांवर गुण असल्यामुळे तुमचा चित्रपट ते सहज मिळवेल. पण ५३ टक्के हा आकडा फसवा आहे. क्रेडिट जास्तीत जास्त ८० टक्के मूळ खर्चावर मिळते आणि त्यावर २५ टक्के कर लागतो. तुमचा सगळा ७० हजारांचा खर्च पात्र ठरला असे मानले तरी ५६ हजारांवर २९,६८० पौंडांचे क्रेडिट, आणि कर वजा जाता हातात २२,२६०. पटकथा लिहून घेण्याचा, प्रसिद्धीचा आणि महोत्सवांच्या प्रवेशशुल्काचा खर्च मूळ खर्चात धरत नाहीत. ज्या कामाचे पैसे दिलेच नाहीत त्यावर तर काहीच मिळत नाही, आणि योग्य पगार देण्याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

हे बावीस हजार पौंड कंपनीच्या हिशेबाचे वर्ष संपून करविवरण भरल्यावर येतात. म्हणजे चित्रीकरणानंतर कित्येक महिन्यांनी, आणि संकलकाला पैसे त्याआधी द्यायचे असतात. या रकमेवर आगाऊ कर्ज देणारे असतात, पण इतक्या छोट्या रकमेवर त्यांचे शुल्क जड पडते. म्हणून चित्रपट पूर्ण करण्याचे पैसे आजच वेगळ्या खात्यात काढून ठेवा, आणि परत येणारी रक्कम गुंतवणूकदारांचे पहिले देणे म्हणून लिहा. कंपनी पूर्वतयारी सुरू होण्याआधी स्थापन झालेली हवी आणि प्रत्येक बिल त्या कंपनीच्या नावाने हवे. मित्राच्या कार्डावरून भरलेले गाडीचे भाडे नंतर हिशेबात बसवताना किती रात्री जातात हे मी पाहिले आहे. नव्या छोट्या कंपन्यांसाठीच्या एसईआयएस या सरकारी योजनेतून गुंतवणूकदारांना करलाभ देण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. २०१८ मध्ये त्या योजनेच्या अटी कडक झाल्यापासून एकाच चित्रपटासाठी काढलेल्या कंपनीला ती मिळणे फार अवघड झाले आहे. तुमची कंपनी पुढेही चित्रपट करत राहणार हे खरोखरच दाखवता येत असेल तरच त्या वाटेला जा.

क्रिएटिव्ह स्कॉटलंडचा भाग असलेली, २०१८ मध्ये सुरू झालेली स्क्रीन स्कॉटलंड ही संस्था लॉटरीचे आणि सरकारचे पैसे चित्रपटांना देते. तिच्याकडे नक्की जा, पण त्यासाठी चित्रीकरण थांबवू नका, आणि अर्ज गेला म्हणून अंदाजपत्रकात रक्कमही धरू नका. नव्या दिग्दर्शकांसाठीचा शॉर्ट सर्किट हा उपक्रम तुमच्यासारख्यांसाठीच आहे. तिथे ओळख झालेली माणसे पुढे प्रत्येक टप्प्यावर भेटतात.

परवानग्यांमध्ये एक गैरसमज वारंवार दिसतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही डोंगर-माळांवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे, म्हणून तिथे चित्रीकरणही मोकळे आहे असे समजले जाते. तसे समजू नका. जमीनमालकाची लेखी परवानगी नसेल तर पुढे वितरक तो शॉट काढून टाकायला सांगेल. ग्लासगो आणि एडिनबरा या दोन्ही शहरांत चित्रीकरणासाठी मदत करणारी कार्यालये आहेत; बेटांवर मात्र क्रॉफ्ट (म्हणजे तिथली छोटी शेतजमीन) कोणाची, धक्का कोणाच्या ताब्यात आणि चर्चची किल्ली कुणाकडे हे दुकानात चहा घेत विचारावे लागते. रविवारी चित्रीकरण ठेवू नका, विशेषतः लुइस आणि हॅरिसच्या बाजूला, जिथे अनेक कुटुंबे तो दिवस निष्ठेने पाळतात. युनिट ठेवणाऱ्या कंपनीला किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाने 'कुछ कुछ होता है'मध्ये १९९८ साली पाहिलेला आयलन डॉननसारखा किल्ला पार्श्वभूमीला हवा असेल तर त्याचे शुल्क आधी विचारा. माझे मत विचाराल तर किल्ला सोडून द्या, तुमच्या गोष्टीत तो कुणाच्याच मालकीचा नाही.

ध्वनीवर मात्र मी हट्ट धरणार आहे. कॅमेरा मित्राचा चालेल, ध्वनिमुद्रक अनुभवी हवा. बेटावर वारा कधी थांबत नाही, आणि वाऱ्यात बुडालेला संवाद परत मिळवायचा म्हणजे नटांना पुन्हा बोलावून डबिंग करणे. मराठीत आपण डबिंगला सरावलो आहोत. पण तुमच्या चित्रपटाचा जीव त्या तिघांच्या बोलीत आहे, आणि आईचा त्या बेटांचा, हेब्रिडियन हेल बंद खोलीत, कोरड्या कपड्यांत, चार महिन्यांनी तसाच येत नाही. बोली सौम्य करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. फोर्साइथ यांचाच 'ग्रेगरीज गर्ल' हा चित्रपट अमेरिकेत दाखवताना संवाद सौम्य उच्चारात पुन्हा भरले होते. 'स्वीट सिक्स्टीन' या २००२ च्या ग्रीनॉकच्या चित्रपटाला इंग्लंडातही काही भागापुरती इंग्रजी सबटायटल्स दिली गेली. या दोन मार्गांत मी दुसरा निवडेन. मालवणी माणसाने पुण्याच्या सोयीसाठी प्रमाण मराठीत रडावे असे आपल्याला वाटत नाही, मग इथे का वाटावे? पुढे परदेशी विक्रीसाठी संवादाशिवायचा, केवळ संगीत आणि इतर आवाजांचा वेगळा ट्रॅक मागितला जातो. ध्वनिसंकलकाला तो पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नंतर बनवायला गेलात तर दुप्पट पैसे लागतात. पार्श्वभूमीला पबमध्ये वाजणारे प्रसिद्ध गाणे असेल तर ते आत्ताच काढा, गाण्याचे आणि त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे घ्यावे लागतात.

चित्रपट पूर्ण झाल्यावर कुठे दाखवायचा हे चित्रीकरणाआधीच ठरवलेले बरे, कारण मार्चमध्ये चित्रीकरण संपले तर पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारा ग्लासगो चित्रपट महोत्सव हे गाठण्यासारखे ठिकाण आहे, आणि तो चुकला तर १९४७ पासून चालत आलेला एडिनबराचा महोत्सव ऑगस्टमध्ये येतो. पहिला खेळ कुठे द्यायचा हा एकदाच खर्च करता येणारा ऐवज आहे, मित्रमंडळींसाठी एखाद्या सभागृहात तिकीट लावून तो घालवू नका. मराठी मंडळाने खेळ ठेवायचा आग्रह धरला तर त्यांना महोत्सवानंतरची तारीख द्या. सिनेमागृहातल्या व्यावसायिक प्रदर्शनासाठी बीबीएफसी या ब्रिटिश चित्रपट-प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र किंवा स्थानिक कौन्सिलची संमती लागते, आणि प्रमाणपत्राचे शुल्क चित्रपटाच्या लांबीवर ठरते. ९५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांच्या चित्रपटापेक्षा इथेही स्वस्त पडतो.

आणि ज्या बेटावर तुम्ही सहा दिवस राहणार आहात तिथे सिनेमागृह नसेल, तर स्क्रीन मशीनशी बोला. १९९८ पासून हायलँड्स आणि बेटांवर फिरणारे हे ट्रकमधले सिनेमागृह आहे, आत ८० खुर्च्या असतात. किल्ली देणारी दुकानदारीण आणि धक्क्यावर दोर धरणारे लोक आपला चित्रपट त्या खुर्च्यांवर बसून पाहू शकतात, पण त्यासाठी डीसीपी, म्हणजे सिनेमागृहात दाखवायची डिजिटल प्रत, त्यांच्या दौऱ्याची आखणी होण्याआधी तयार असावी लागते. दौऱ्याच्या तारखा मागवून घ्या आणि संकलकाच्या वेळापत्रकात लिहून टाका.

पटकथेची नवी आवृत्ती सात ठिकाणांत बसवून झाली की दृश्यांची यादी पाठवा. बेटावरचे सहा दिवस भरतीच्या कोष्टकाशी जुळवून मी लावून देईन.